पाहून सांगू

तीन लिफाफे, तिन्ही लाखेनं बंद,
उन्हानं लाख आधीच मऊ झालेली.
मे महिन्यातलं अमळनेर, दुपारचे साडेतीन.
मंडळाच्या कार्यालयात कूलर
ओल्या वाळ्याचा वास समोरच्या भिंतीवर फेकतोय,
माझ्यावर नाही.

खिडकीबाहेर तलाव.
पंचवीस मीटर लांब, पोटावर तडे,
उथळ बाजूला कडुलिंबाचा पाचोळा,
खोल बाजूला एक शेळी.
ती आत कशी उतरली
हे कुठल्याच इस्टिमेटमध्ये नाही.

पहिला लिफाफा नाशिकचा. गुळगुळीत कागद,
त्यावर निळ्या पाण्याचा फोटो; पाणी आपलं नव्हे.
अडतीस लाख चाळीस हजार, जीएसटी वेगळा.
जुन्या टाइल्स काढणे, एकदा पान दोनवर,
पुन्हा पान पाचवर.
त्याच टाइल्स.

दुसरा धुळ्याचा. अकरा लाख, लमसम.
एका ओळीत अख्खा तलाव.
मलबा कोण उचलणार? गप्प.
फिल्टर कुठल्या कंपनीचा? ‘चांगल्या’.
हेमंतशेठ म्हणाले, बघा, आकडा कसा सुटसुटीत.
मी म्हटलं, काय काय सुटलंय तेच मोजतेय.

तिसरा गावातला, रमजान पिंजारी.
वहीचं पान, सतरा लाख साठ हजार.
सिमेंटची पोती मोजलेली, मजूर मोजलेले,
मजुरांच्या पिण्याच्या जारचेही पैसे धरलेले.
आणि नवव्या बाबीसमोर,
गळती शोधणे व बंद करणे,
रकमेच्या रकान्यात रक्कम नाही.
‘पाहून सांगू.’

शेठ हसले. असं चालत नाही, अपूर्ण आहे, बाद करा.

तेवीस वर्षं मी बँकेत कर्जाचे अर्ज वाचले.
भरलेल्या रकान्यांनी जितकं फसवलं
तितकं कोऱ्यांनी नाही.

दारात दगाबापू भोई उभे.
तलावात पाणी होतं तेव्हा पंप त्यांच्याकडे,
पाणी नाही तरी किल्ली त्यांच्याकडेच.
म्हणाले, “आधी भरीसन देखा ना ताई.
पानी खोटं नही बोलस.”

मग विहिरीवरून चार रात्री पंप चालला.
शेळी आधी वर काढली,
तिच्या मालकिणीनं आम्हालाच चार शब्द सुनावले.
काठावर भरलेली बादली ठेवली,
बादलीला लाल ऑइलपेंटची खूण, तलावालाही.
भिंतीपलीकडच्या बायका हंडे घेऊन आल्या,
नळाला सहा दिवस पाणी नव्हतं. दिलं.
सत्तर हंडे, म्हणजे तलावातून तांदळाभर.
तेही वहीत लिहिलं.

पहिल्या दिवशी बादली उतरली बोटभर;
ऊन नेतं त्याची पावती मिळत नाही.
तलाव उतरला वीतभर.
दुसऱ्या दिवशी वीतभर.
तिसऱ्या दिवशी बोटभर, चौथ्या दिवशीही बोटभर.
पाणी थांबलं होतं
आत येणाऱ्या पाइपाच्या तोंडाशी.

म्हणजे तळ शाबूत. तडे नुसत्या वरच्या गिलाव्याचे.
नाशिकवाले तो तळ फोडायचे चौदा लाख मागत होते.
रमजानभाई आले, उकिडवे बसले,
बराच वेळ बोलले नाहीत.
मग खिशातलं पेन काढून नववी बाब भरली:
पाइप बदलणे, चौतीस हजार.
चौथी बाब न सांगता खोडली,
खाली बेरीज पुन्हा केली,
हातचा एक विसरले, मी दाखवला.

तरी अकरा लाखांच्या वरच.
शनिवारी सभा. शेठ अजून लमसमवर आहेत,
आणि नियम त्यांच्या बाजूचा आहे.
मी टिपण लिहितेय, तीन पानं झाली,
त्यातलं एक नुसतं बादलीवर.

आज सकाळी लवकर गेले.
काठावर ओली पावलं, लहान,
तीन जणांची तरी असावीत.
फाटकाला कुलूप होतं.
दगाबापू किल्ली बोटाभोवती फिरवत
बोरी नदीच्या दिशेला बघत म्हणाले,
“मी काही देखं नही.”
आठ वाजेपर्यंत पावलं वाळली.